दहाव्याला दिलेला शब्द

निलेशच्या दहाव्याला कावळा शिवेना.

नदीच्या घाटावर मांडव घातला होता. महाराजांचं प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्या मावळात दहाव्याला माणूस गेल्याचं दुःख एका बाजूला असतं आणि माइकवर आपलं नाव कितव्या नंबरला पुकारलं याचं दुःख दुसऱ्या बाजूला. ज्यांनी माझ्या पोराला कधी बघितलंही नव्हतं त्यांनी तो किती मनमिळाऊ होता ते सांगितलं. एकानं तर त्याला शेवटपर्यंत नितीनच म्हटलं. झाडांना दोन्हीकडून कर्णे बांधलेले, खाली पाण्याजवळ पिंड मांडलेला, आणि समोरच्या करंजावर कावळे नुसते बसून.

निलेश आमचा एकुलता. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर साच्यांची ड्रॉइंगं काढायचा. संध्याकाळी मोटरसायकलवरून सुदुंबऱ्याला घरी येत होता, ट्रकनं उडवला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. एवढंच सांगते. याच्या पुढचं मला अजून सांगता येत नाही.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, असं आम्ही धरतो. मग घरची माणसं एकेक पुढं होतात, हात जोडतात आणि ते कशात अडकलं असेल याचा अंदाज बांधून शब्द देतात. त्या दिवशी आमचे मालक, भिमाजी, पुढं झाले. म्हणाले, घरावरचा मजला अर्धा राहिलाय तो पुरा करतो. कावळे हलले नाहीत. तुझ्या आईला जपतो म्हणाले. त्यावरही नाही. मग त्यांनी घसा खाकरला आणि माधवीचं नाव घेतलं.

"माधवीला सून न्हाई, लेक म्हनून सांभाळू. तिला अंतर देनार न्हाई."

घाटावरची सगळी माणसं गप्प झाली, कर्ण्यावरचं भाषण तेवढं चालू. मनातून सगळ्यांना खात्री, की हेच असणार. पोरगी बावीस-तेवीसची, हातावरची मेंदी जाऊन किती दिवस झालेले. एक कावळा फांदीवर जरा सरकलासुद्धा. त्यानं चोच फांदीला पुसली, इकडून तिकडून, आणि परत बसला. माधवीच्या वडलांनी पुढं होऊन तेच पुन्हा सांगितलं. नाहीच.

तेवढ्यात मागून विक्की बोलला. हा माझ्या दिराचा मुलगा, उर्से टोलनाक्यावर कामाला. जिभेला हाड नाही, पण निलेशवर जीव होता त्याचा. म्हणाला, "आबा, लॅपटॉपचं बोला. सारखा त्यातच तोंड घालून बसायचा."

कुणी तरी दबकं हसलंही. मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"निल्या, तुजा लॅपटॉप इकनार न्हाई. कुनाला देनार न्हाई. हाय तसा घरात ऱ्हाईल."

आणि कावळा उतरला. एक नाही, दोन. पिंडाचा भात घेऊन उडाले. लोकांनी श्वास सोडला, मागच्या बाजूला पातेल्यांची झाकणं वाजली, पंगतीची गडबड उडाली.

माधवी माझ्या शेजारी उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला. मला वाटलं, रडतेय. वाकून बघितलं तर रडत नव्हती.

गावाला आठवडाभर पुरेल एवढं बोलणं मिळालं. गावानं ते तीन वर्षं पुरवलं. आमच्या शेजारची अंबूबाई तोंडानं फटकळ, पण वाईट नाही. ती एका लग्नघरी पापड लाटता लाटता बोलून गेली, की बाई, पुरुषाचा जीव कशात असंल सांगता येत न्हाई, बायकोचं नाव घेतलं तर कावळा ढिम्म, अन् डबड्याचं नाव घेतलं तर झडप. बायका हसल्या. माधवी पाण्याची कळशी घेऊन दारातच उभी होती. ती आत आली, कळशी ठेवली, सगळ्यांना पाणी दिलं. अंबूबाईला आधी दिलं.

तो लॅपटॉप निलेशनं घेतला तेव्हाच जुना होता. तळेगाव स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतलेला, कुणीतरी वापरून विकलेला. कोपऱ्याचा टवका उडालेला, बिजागरी ढिली. चालू व्हायला इतका वेळ लावायचा की निलेश बटण दाबून अंघोळीला जायचा आणि येऊन म्हणायचा, "उठला का आमचा कुंभकर्ण?" मग आतला पंखा सुरू व्हायचा. घरघर, घरघर, पिठाच्या गिरणीसारखा.

दहाव्यानंतर मालकांनी त्याला बाहेरच्या खोलीत फळीवर जागा केली. शेजारी देव, खाली त्यांची खाट. लॅपटॉपची वायर त्यांनी बोर्डात घातली ती कायमची. त्याच्या कडेला एक बारीक दिवा लागतो, चार्जिंग चालू असल्याचा. तो विझू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, कोणत्या पोथीत नव्हतं. देवापुढचा दिवा तेल संपलं की विझतो, त्याचं त्यांना काही वाटायचं नाही; पण लाईट गेली आणि तो बारीक दिवा गेला, की अंगणात येरझाऱ्या घालायचे. खंडेनवमीला कोयता, खोरं, फवारणीचा पंप आणि लॅपटॉप, अशी पूजा मांडायचे. पहिल्या वर्षी झाकण उघडून बटणांवरच हळद-कुंकू वाहिलं आणि वर पाणी शिंपडलं. कुंकू आत गेलं, दोन-चार बटणं बसली ती बसलीच. मी चिडले तर म्हणाले, हत्यारालाबी मान लागतो.

आणि रोज संध्याकाळी हाक. माधवी तळेगावला एका कंपनीत पॅकिंगला जाते. शिफ्ट करून, बसमध्ये उभ्यानं येऊन, पायातली चप्पल काढते न काढते तोच खाटेवरून, "माधवी, चालू कर गं." कारण तो चालू कसा करायचा, उघडायला काय दाबायचं, ते घरात तिलाच ठाऊक. मी शिकते म्हटलं होतं. निलेशच्या शाळेच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले, हेही शिकले असते. पण मालकांना ते चालायचं नाही. त्याच्या बायकोनंच करायचं.

ती बटण दाबायची. घरघर सुरू व्हायची. पडद्यावर निलेशनं लावलेला फोटो यायचा, पवना धरणाच्या काठावर मित्रांबरोबर काढलेला. मालक त्याच्याकडे फारसं बघायचेही नाहीत. डोळे मिटून आवाज ऐकायचे. पोरगं आतल्या खोलीत काम करत बसलंय, असा तो आवाज. खोटं कशाला बोलू, मलाही तो लागायचा. चुलीशी बसून मी कान तिकडं लावायची. आणि ती फोटोपुढं उभी राहायची, आबा पुरे म्हणेपर्यंत. त्या फोटोत ती नव्हती.

या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला लॅपटॉपचं पोट फुगलं. खरंच फुगलं, खालचं झाकण फाकलं, फळीवर ठेवला की डुगडुगायचा. माधवी म्हणाली, आतली बॅटरी आहे, कंपनीत एकाच्या मोबाइलची अशीच फुगली आणि पेटली. मालकांनी खाली पुठ्ठ्याची घडी घातली. डुगडुगणं थांबलं, त्यांच्या मते आजार बरा झाला.

त्याच दिवसांत एकदा आम्ही दोघी पडवीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलो होतो. मालक मळ्यात होते. माधवीनं मान वर न करता सांगितलं, की कामावरची वल्लरी नावाची मुलगी स्टेशनजवळ खोली घेऊन राहते, तिच्या जोडीला एक जण हवी आहे.

मी विचारलं, रोजच्या बसचा तरास होतो का.

"बसचा नाही, आई. त्या बटणाचा होतो."

मग एकदाची ती बोलली. आवाज न चढवता, जुडीला दोरा गुंडाळत. म्हणाली, तुम्हा सगळ्यांसमोर माझं नाव दोनदा घेतलं, आबांनी एकदा, माझ्या वडलांनी एकदा. तो आला नाही. लॅपटॉपसाठी आला. आणि रोज संध्याकाळी मीच जाऊन त्याला उठवायचं.

माझ्याकडे या गोष्टीला एक उत्तर होतं, आणि ते मी कधीपासून जपून ठेवलं होतं. मागच्या वर्षी गावातल्या केरबाच्या दहाव्याला मी नीट बघितलं होतं. कर्णे चालू होते तोवर एकही कावळा खाली आला नाही. भाषणं संपून माइक बंद झाला आणि भराभर उतरले. म्हणून मग मी विक्कीला विचारून खात्री केली होती. आमच्या वेळीही तसंच होतं. विक्की बोलला त्याच्या जरा आधी मांडववाल्यानं कर्णे बंद केले होते.

"त्याला आवाजाचं भ्या वाटत व्हतं गं," मी म्हटलं. "आदी तुजं नाव झालं, तवा कर्णे चालू. मग बंद झाले, तवा लॅपटॉपचं निघालं. कावळा तो, त्याला काय कळतंय."

माधवीनं जुडीची गाठ आवळली. मग म्हणाली, "कावळ्याला कळत नाही, मला कळतं. पण आबांना नाही कळत, गावाला नाही कळत. आणि मला कळतं तेसुद्धा फक्त दिवसा."

मी विचारलं, लॅपटॉप घरात नसला तर राहशील का. ती म्हणाली, "राहीन की. मला कुठं जायची हौस आहे?"

आता सांगा. एका बाजूला गेलेल्या पोराला नदीवर, माणसांसमोर दिलेला शब्द. दुसऱ्या बाजूला ही. मी आठ दिवस कुणाशी नीट बोलले नाही. भाकरी थापताना मनातल्या मनात निलेशशी भांडले, की तुझ्या बापानं दिलेला शब्द, मला का मध्ये घालतोस. तो जिवंत असताना भांडायचा, आता नुसता गप्प. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवलं, की निलेश काही लॅपटॉपवरून चिडणारा नव्हता. नवा घ्यायचंच त्याच्या मनात होतं.

मालक विहिरीवरच्या मोटारीच्या दुरुस्तीसाठी गेले, त्या दुपारी आम्ही निघालो. लॅपटॉप निलेशच्याच काळ्या बॅगेत घातला. मी बॅग मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. लहानपणी त्याला तापात डॉक्टरकडे न्यायची तशी, धक्का लागला की हात आड घालत.

स्टेशनजवळचं दुकान तेच, निलेशनं जिथून घेतला होता ते. श्रीयश नावाचा तरुण दुकानदार, चष्मेवाला. निलेश म्हटल्यावर ओळखलं त्यानं, हात थांबले त्याचे. लॅपटॉप उलटा करून बघितल्यावर मात्र त्याचा चेहराच बदलला. चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवला होता का, विचारलं. मी म्हटलं, हो. का, ते मी सांगितलं नाही.

म्हणाला, "मावशी, हा घरात ठेवू नका. मी सुट्या भागांसाठी घेतो. पण फार काही येणार नाही याचं." मग म्हणाला, बॅटरी काढून वायरीवर सुरू होतो का बघतो, काही ठेवायचं असेल तर काढून घ्या.

झाला सुरू. घरघर आली. त्या दुकानात, मोबाइलच्या रंगीत कव्हरांच्या मध्ये, माझ्या पोराचा आवाज.

श्रीयशनं एकेक उघडून दाखवलं. ड्रॉइंगं, ड्रॉइंगं, कंपनीची पत्रकं. ट्रॅक्टरचे फोटो, कारण त्याला ट्रॅक्टर घ्यायचा होता. गाणी. क्रिकेटचं काहीतरी. बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ, त्यात विक्कीची आरडाओरड. मी एकटक बघत होते. मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. कुठंतरी कोपऱ्यात तिचं काहीतरी निघावं. एखादा फोटो, तिच्यासाठी घेतलेली एखादी वस्तू बघून ठेवलेली, काहीही. म्हणजे मला तिला दाखवता आलं असतं. मी श्रीयशला हळूच विचारलंही, अजून काही आहे का. त्यानं शोधलं. नाही म्हणाला.

नसतंच. तिचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असायचे आणि मोबाइल त्याच्या खिशात होता. ज्याला आपण संध्याकाळी घरी पोचणार याची खात्री असते, तो माणूस कशाला काय मांडून ठेवेल.

"पुसून टाका," माधवी म्हणाली.

श्रीयशनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आवाज बंद झाला तेव्हा मी बाहेरच्या रिक्षांकडे बघत होते.

त्यानं पैसे दिले ते माधवीनं न मोजता माझ्या हातात ठेवले. बॅग त्याला नको होती. रिकामी बॅग घेऊन आम्ही परत आलो. वाटेत तिनं मला भेळ खायला घातली. तिचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघींनी बाहेर काही खाल्लं नव्हतं. ती थोडी हसलीसुद्धा, भेळवाल्यानं मला ताई आणि तिला मावशी म्हटलं म्हणून. मला वाटलं, जमलं. सुटली पोर.

मालकांनी फळी बघितली. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. वायर अजून बोर्डात होती, तिचं टोक त्यांनी हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत फळीवर ठेवलं. मी सांगितलं, मी विकला, माझ्या मनानं विकला, पोरीचा काही संबंध नाही. त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. माधवीनं ताट वाढलं तर म्हणाले, भूक नाही. दुसऱ्या दिवशीही तिच्या हातचं नाही खाल्लं. मी वाढलं की खायचे. तिच्याशी बोलणं बंद. संध्याकाळी ती कामावरून आली की खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे.

पहिल्यांदा मला वाटलं, निवळेल. श्रावण गेला, गणपती गेले. निवळलं नाही. ज्या घरात पोरीनं राहावं म्हणून मी शब्द मोडला, त्या घरात तिला पाण्याचा पेला घेतानाही आवाज होऊ नये म्हणून जपावं लागत होतं. एका सकाळी तिचा डबा भरताना मीच म्हटलं, "त्या पोरीला सांग, खोली घेतो म्हनून. तू जा, माधवी." तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, पितृपक्ष होऊ दे. त्याचं ताट करून जाते.

निलेशच्या तिथीला सगळा स्वयंपाक तिनं केला. भाजणीचे वडे, खीर, आळूची भाजी, त्याला आवडायची तशी आंबट. घराच्या स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया अजून तशाच उभ्या आहेत, गंजलेल्या. त्या सळयांच्या मध्ये केळीच्या पानावर घास ठेवला. आमच्यात कावळ्यानं घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नाही. दिराकडची माणसं, अंबूबाई, चार शेजारी, सगळे जमलेले.

कावळा येईना.

माणसं वर जाऊन बघून यायची. विक्की तर वरच उभा राहून का-का करत होता, हातवारे करत होता. खाली पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. खीर वर साय धरून बसली. हळूहळू बोलणं बंद झालं आणि सगळ्यांची नजर कुठं जायला लागली ते मला दिसत होतं. माधवी जिन्यात उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. विक्की शेवटी घाम पुसत खाली उतरला आणि माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "काकी, बोललो व्हतो मी. शब्द व्हता."

मग मालक उठले. सगळ्यांना खालीच थांबा म्हणाले आणि एकटे जिना चढले. माधवीच्या शेजारून गेले, तिच्याकडे न बघता. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. वरचं सगळं दिसत होतं. भर उन्हात म्हातारा पानासमोर उभा, हात जोडलेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. द्यायला काय उरलंय, हे शोधत असावेत. लॅपटॉप गेला होता. मजला झाला नव्हता. पलीकडच्या सळईवर एक कावळा येऊन बसला आणि मान वाकडी करून बघायला लागला.

"माधवी हितंच ऱ्हाईल, निल्या," मालक म्हणाले. "तुज्या घरातनं कुटं जानार न्हाई. शब्द हाय माजा."

कावळा उतरला. वडा उचलला आणि गेला.

खाली कुणीतरी "आला, आला" म्हटलं. पानं मांडली गेली. अंबूबाईनं डोळ्याला पदर लावला. मालक जिना उतरताना माधवीपाशी थांबले, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "वाढ पोरी. लय भूक लागलीया."

त्या दिवशी तिनं वाढलेलं सगळं ते जेवले.

माणसं गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. निलेशची काळी बॅग काढली आणि तिच्यात माधवीचे कपडे भरायला लागले. कामाचे दोन ड्रेस, साड्या, कंगवा, तिचं कंपनीचं कार्ड. घाईघाईनं भरत होते. चोरी करत असल्यासारखी. ती दारात आली.

"संध्याकाळची बस हाय," मी म्हटलं. "शब्द त्यांनी दिलाय. तू न्हाई दिला. मोडायचा असंल तर माज्या नावानं मोड, एकदा मोडलाच हाय मी."

ती माझ्या शेजारी बसली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा हात थांबला. तिचा चेहरा उजळलेला होता. लग्नात होती तशी दिसत होती.

"आई, आला ना तो," ती म्हणाली. "माझं नाव घेतल्यावर आला."

मी तिला सांगितलं. जे बघितलं होतं ते सगळं सांगितलं. विक्की वर उभा राहून ओरडत होता तोवर येत नव्हता. तो खाली आला, सगळी खाली बसली, वर एकटा म्हातारा न हलता-डुलता उभा, मग का नाही येणार. आधीच येऊन बसला होता सळईवर, नाव घ्यायच्या आधी. मी स्वतः बघितलं.

"असेल," ती म्हणाली. "असू दे ना, आई."

आणि बॅगेतून एकेक कपडा काढून तिनं कपाटात ठेवला. घड्या मोडल्या होत्या, त्या पुन्हा घातल्या. मग वल्लरीला फोन केला, की दुसरी कुणी बघ.

त्याला आता बरेच दिवस झाले. मालक माधवीशी चांगले बोलतात. चांगले म्हणजे, जपतात. ती कामावरून आली की खाटेवरून हाक येते, "माधवी, आलीस का गं?" ती म्हणते, "आले, आबा." चप्पल काढून फळीखाली भिंतीला टेकून बसते. मालक डोळे मिटून पडतात. ती काही करत नाही, नुसती बसते, ते पुरे म्हणेपर्यंत. एखाद्या दिवशी ओव्हरटाइम लागला, बस चुकली, की लाईट गेल्यावर घालायचे तशा येरझाऱ्या ते अंगणात घालतात. तिच्या माहेराहून तिचे वडील एका स्थळाचं विचारायला आले होते. मालकांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, शब्द झालाय. तिचे वडील दहाव्याला होते. त्यांना यात काही बोलण्यासारखं वाटलं नाही.

गावातही आता कुणी हसत नाही. अंबूबाई म्हणते, शेवटी बायकोतच जीव होता त्याचा. माधवी ते ऐकते आणि पदर सारखा करते.

तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड कधीकधी कमी झालेला दिसतो मला. दिवसा, विशेष करून. भाजी निवडताना हात थांबतो, रस्त्याकडे बघत राहते. मी विचारत नाही. विचारलं तर ती हसून काहीतरी सांगेल.

काळी बॅग मी माळ्यावर टाकलेली नाही. दाराच्या मागं खुंटीखाली ठेवली आहे, हाताला येईल अशी. माधवी सकाळी केर काढताना ती उचलते, खालचा केर काढते आणि परत तिथंच ठेवते.